बावीस मिनिटांची शांतता

नतूनगंज
८ मे २०१६

पूज्य मास्टरमशाय,

प्रणाम. बिजोयेच्या दसऱ्यानंतर एक पत्र टाकलं होतं, पहिल्या वैशाखाला नववर्षाचं दुसरं. दोन्हींना उत्तर नाही. आठ महिने शिलिगुडीला मुलाकडे राहून तुम्ही मला विसरलात असं मी मानत नाही. रागावला आहात. रागवा, तो तुमचा हक्क आहे. पण हे पत्र कामाचं आहे, तेव्हा राग जरा बाजूला ठेवून वाचा.

काल पोहण्याच्या शर्यतीच्या समितीची बैठक झाली. यंदा चार सप्टेंबर, रविवार. कुसुमदह ते नतूनगंज, तेच एकोणीस किलोमीटर. सभापती गोराचाँद साधुखाँ यांनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं, की यंदा आपल्या रेडिओ क्लबची गरज नाही. "प्रत्येक नावेत एक मोबाइल देऊ. तुमची ती खरखर ऐकत कोण बसणार? गेल्या वर्षी काय उजेड पाडलात ते गावाने पाहिलंय." मी म्हटलं, "गोरादा, धोबीघाटापासून नीलकुठीपर्यंत सात किलोमीटर मोबाइल चालत नाही." ते म्हणाले, "मग तुमचा रेडिओ तरी कुठे चालला?" सगळे हसले.

गेल्या शर्यतीतल्या त्या बावीस मिनिटांची आता कागदोपत्री नोंद झाली आहे. कुणाच्या तरी सेटचं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं, सगळ्यांचे आवाज अडले. बेतबनीच्या वळणावर टगरला पाण्यातून नावेत ओढून घेतलं होतं, पोटात पाणी, श्वास नीट नाही, आणि डॉक्टरांची लाँच धोबीघाटावर तुमच्या टेबलाशेजारी, तुमच्या हुकमाची वाट बघत उभी. पोर सहा दिवस इस्पितळात होती. शर्यतीनंतर समितीने विचारलं, बटण कोणाचं? मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं. मग ठराव झाला, की मृण्मयी सरखेल यांनी शर्यतीत पुन्हा कधी सेट हातात धरायचा नाही.

म्हणजे असं झालं आहे, की सगळ्या सेटांचे निरोप घेणारं मुख्य टेबल सांभाळेल असं इथे कुणी उरलेलं नाही. तुम्ही तिकडे, मी बाद. राहिलेले सहा जण मनाने चांगले आहेत, पण एका वेळी तिघे बोलायला लागले की भांबावतात. टगर मात्र यंदाही उतरणार आहे. तिच्या बापाने, अभिरामने, नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "गेल्या वर्षी माझी शर्यत अर्धी राहिली."

क्लब तुम्ही काढलात. तुमच्या नावाने समितीला एक पत्र आलं, की त्या सात किलोमीटरांत रेडिओशिवाय पोरांना पाण्यात सोडू नका, तर त्याला वजन येईल. एवढं करा. मी हे सोडून देणार नाही, समितीच्या प्रत्येक बैठकीला जाऊन बसणार आहे.

७३,
मृण्मयी

शिलिगुडी
१६ मे

चि. मिनू,

तुझी आधीची दोन्ही पत्रं मिळाली होती. काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून उत्तर दिलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. फार सुचत होतं.

प्रत्येक पत्राखाली तू ७३ लिहितेस. निरोप घेताना शुभेच्छा म्हणून तो आकडा पाठवायचा, ही तारमास्तरांपासून चालत आलेली रीत तुला तेराव्या वर्षी मीच शिकवली. मनात शुभेच्छा असल्या तरच तो लिहायचा, हेही शिकवलं होतं. ह्या पत्राखाली तो नाही, तेव्हा शोधू नकोस.

मी तुला सगळ्यात पहिला धडा कोणता दिला? मोर्स नंतर, तारा नंतर, त्याच्याही आधी. फार शांत वाटलं, की पहिल्यांदा स्वतःचा अंगठा बघायचा. ज्याचं बटण दाबलेलं राहतं त्याला दुसऱ्या कुणाचंच ऐकू येत नाही. त्याला वाटतं, काय छान शांतता आहे. आणि तिकडे बाकी सगळ्यांच्या कानात तो एकटाच घोंगावत असतो, त्याच्या आवाजाखाली दुसऱ्याचा आवाज दबून जातो. हे तू स्वतः गेली दहा वर्षं नव्या पोरांना शिकवतेस. आणि बावीस मिनिटं तुला तुझा अंगठा दिसला नाही. वळणावर एक पोर जाता जाता राहिली. मला ह्याचा फार राग आला आहे, आणि त्याहून जास्त लाज वाटली आहे, कारण तू माझ्या हाताखाली तयार झालीस.

सूनबाई, आमची बौमा, सांगते, तू चारदा फोन केलास. फोन करू नकोस. फोनवर निम्मे शब्द वाया जातात. रेडिओवर बोलावं तर इथपासून ढाक्यापर्यंत लोक कान लावून बसलेले. घरचं भांडण हवेत सोडायचं नसतं. लिहायचं ते कागदावर लिही.

आता कामाचं. समितीला पत्र लिहीन, पण नुसतं "रेडिओ हवा हो" असं रडगाणं गाणार नाही. गेल्या वर्षीची माझी नोंदवही इथे ट्रंकेत आहे. अकरा ते बाराचं पान मिनिटामिनिटाने उतरवून, सही करून पाठवतो. त्यातून तुझी चूक झाकली जाणार नाही. पण आपला क्लब चूकसुद्धा नीट लिहून ठेवतो, एवढं त्या साधुखाँला कळेल. त्याने आयुष्यात दुकानाच्या पाटीखेरीज काही लिहिलेलं नाही.

निशिकांत पाकडाशी

नतूनगंज
२४ मे

पूज्य मास्टरमशाय,

प्रणाम. बोलणी मिळाली. मुकाट्याने खाल्ली.

नोंदवहीचं पान मात्र पाठवू नका. समितीला मिनिटं वाचायची सवय नाही, ते त्यातून भलतंच काहीतरी काढतील. साधं पत्रच पुरे आहे. उगाच डोळ्यांना ताण देऊन पान उतरवत बसू नका.

मी इथे दुसरी वाट धरली आहे. गेल्या रविवारी चार कंपन्यांचे चार मोबाइल पिशवीत घातले आणि धोबीघाटापासून बांधाने चालत निघाले. दर अर्ध्या किलोमीटरला थांबून चारही फोनांवरून साधुखाँच्या दुकानात फोन लावायचा. चौदा ठिकाणी थांबले, छप्पन्न वेळा लावला, पाचदा लागला. त्या पाचांतले तीन धोबीघाटावरच. एकदा लागला तो गोरादांनी उचलला. मी म्हटलं, "गोरादा, मी बेतबनीच्या अलीकडे—" आणि गेला. त्यांच्या नोकराने मागाहून सांगितलं, की मालक दिवसभर विचारत होते, ही बाई बेतबनीच्या अलीकडे काय करतेय. सगळं लिहून काढलं आहे, बैठकीत ठेवणार.

टगर रोज पहाटे पोहते. शाळेला माझ्या वर्गात केस ओले घेऊन येते. परवा भूगोलाच्या तासाला तिने विचारलं, "दीदिमणी, यंदा टेबलावर कोण?" मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "वळणावर पाणी आतल्या आत फिरतं. तिथे मला भीती वाटते. कुणीतरी माझा नंबर बोललं, की वाटत नाही." तिला भीती वाटते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

अभिराम तुमची आठवण काढतो. लाँच यंदाही तोच चालवणार. त्याने ठरवलंय, की टेबलावर माहितीतलं माणूस नसेल तर लाँच काढायची नाही आणि मुलीलाही उतरू द्यायचं नाही. पुढची बैठक दहा जुलैला आहे.

पान पाठवू नका, एवढं ऐका.

७३,
मृण्मयी

शिलिगुडी
४ जून

चि. मिनू,

छप्पन्न फोनांची कल्पना झकास. मला सुचायला हवी होती.

पण पान पाठवू नका, पाठवू नका हे काय लावलं आहेस? तू चूक कबूल केलीस ना? मग नोंदीला कशाला घाबरतेस? आज सकाळी चहा झाल्यावर ट्रंक काढली. नातू मदतीला बसला होता, त्याला नोंदवहीतल्या डागांत जास्त रस. उतरवायला घेतलं आहे. तुलाही एक प्रत हवी म्हणून इथेच लिहितो.

११.०२. नीलकुठी, मिनू: तिकडून सर्व ठीक.
११.०९. बेतबनी नाव: क्रमांक ३१ पुढे, क्रमांक ८ मागोमाग.
११.१४. बेतबनी नावेला: ऐकलं, ठीक.
११.२०. शांत.
११.२८. शांत. चहा आला.
११.३०. हजेरी घेतली नाही, सर्व शांत आहे.
११.३६. बेतबनी नाव: लाँच पाठवा, ताबडतोब. लाँच सोडली.

५ जून

काल इथपर्यंत लिहिलं आणि उठलो. बौमा जेवायला बोलवत होती. तिला म्हटलं, भूक नाही.

मिनू, तुझं बटण दाबलेलं असतं तर ती बावीस मिनिटं माझ्या कानात तूच असायला हवी होतीस. तुझ्या घाटावरची माणसं, कुत्री, वारा, काही ना काही. माझ्या हस्ताक्षरात लिहिलंय, शांत. तीनदा लिहिलंय. आठांपैकी एकाच माणसाला शांतता ऐकू येते. कोणाला, ते मी तुला गेल्या पत्रात मोठ्या तोऱ्यात शिकवलं.

आणि आता आठवतं. त्या दिवशी अकरा छत्तीसला मी चहाचा कप ठेवायला उठलो, तेव्हा लगेच वळणावरचा आवाज आला. उत्तर द्यायला माईक हाताला लागेना. मांडीखालून काढला. गडबडीत त्याचा अर्थ लावला नाही. की लावायचा नव्हता, हे मला आता ठरवता येत नाही.

मी त्या वेळी अभिरामशी बोलत होतो. बापाला गप्पांत गुंतवून ठेवलं आणि त्याची मुलगी बेतबनीच्या वळणावर त्याच्याच लाँचची वाट बघत पडली होती.

तू खोटं का बोललीस? आणि दुसरं. बावीस मिनिटं तुम्ही सगळे माझंच ऐकत होता. मी काय बोललो? सगळं लिही. गाळलंस तर मला कळेल.

निशिकांत

नतूनगंज
१५ जून

पूज्य मास्टरमशाय,

चार दिवस हा कागद समोर ठेवून बसते आहे. तुम्ही विचारलंत, तेव्हा लिहिते. गाळलेलं काही नाही.

आधी तुम्ही बौमाच्या दुधीच्या भाजीबद्दल बोललात. शिलिगुडीला गेलो की रोज दुधी, म्हणालात, माणूस आहे की वासरू. आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, मास्टरमशायांचं बटण अडकलंय, आता सोडतील. मग अभिराम म्हणाला, "आज टगर पहिली येणार, मास्टरबाबू. आली की दोघांना मिठाई." तुम्ही म्हणालात, "मिठाई नको, डॉक्टर ओरडतो." त्याच वेळी बेतबनीच्या नावेतला पोरगा लाँचसाठी ओरडत होता, तुमच्या आवाजाखाली. ठरल्याप्रमाणे आम्ही सगळे दुसऱ्या वाहिनीवर गेलो, तिथे त्याचं सगळं ऐकू आलं. पण लाँचला हुकूम देणार तुम्ही, आणि तुम्ही पहिल्या वाहिनीवर. मी एका कोळ्याची सायकल ओढून घेतली आणि बांधाने धोबीघाटाकडे निघाले. सेट गळ्यात होता. पहिल्या वाहिनीवर परत आणला, तुम्ही उठाल, बटण सुटेल, ह्या आशेने. म्हणून पुढचं सगळं मी सायकलवर ऐकलं.

तुम्ही म्हणालात, "अभिराम, उजवा कान वर्षभरापूर्वीच मेला. डावा निम्मा आहे. नंबर अर्धे ऐकतो, अर्धे अंदाजाने लिहितो. मिनूला बोलू नकोस. ती टेबल काढून घेईल. टेबल गेलं की मग मी कोण? मुलाच्या घरातला एक म्हातारा." अभिराम म्हणाला, "दीदिमणी तसं करणार नाहीत." तुम्ही म्हणालात, "करायला हवं तिने. मोर्सवर तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही, डोक्यात जाईल पोरीच्या."

मग खुर्ची सरकली. तुम्ही उठलात, बटण सुटलं.

बाकीचेही मधूनमधून पहिल्या वाहिनीवर येऊन बघत होते, तेव्हा हे सातही सेटांवर ऐकलं गेलं. बाहेर कुणी एक शब्द बोललेलं नाही. अभिरामलाही रेडिओतलं काही कळत नाही, त्याने कुणाच्या नावाने बोटं मोडली नाहीत.

मी खोटं का बोलले? तुम्हाला वाचवायला, असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते अर्धंच आहे. तुमचा कान गेलाय हे मला ठाऊक होतं. त्या शर्यतीआधीच्या सरावात मी मुद्दाम हळू आवाजात एक नंबर सांगितला होता. तुम्ही परत विचारलं नाहीत, काहीतरी लिहून मोकळे झालात. तेव्हाच मी सांगायला हवं होतं, मास्टरमशाय, आता उठा. माझी जीभ रेटली नाही. मला वाटलं, एवढं वर्ष जाऊ दे. म्हणून समितीत उभी राहिले तेव्हा मला ते फार खोटं वाटलं नाही. टेबल मीच तुमच्याकडे राहू दिलं होतं.

आता पाया पडून सांगते, हे इथेच राहू द्या. इथे येऊ नका, समितीला काही लिहू नका. दहा तारखेला माझे छप्पन्न फोन घेऊन मी जाते आहे. सहांपैकी एकाला टेबलावर बसवायला तयार करते. होईल.

मृण्मयी

ता. क. खाली आकडा लिहिला नाही, कारण तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत नाही. माझ्या मनात तो आहे.

नतूनगंज
१२ जुलै

पूज्य मास्टरमशाय,

प्रणाम. न सांगता आलात, न जेवता गेलात. स्टेशनवर धावत आले तोवर गाडीने फलाट सोडला होता. तुम्ही खिडकीशी बसला होता, डावा कान आतल्या बाजूला. मी हाक मारली ती ऐकू गेली नसणार.

परवा बैठकीत तुम्ही मधल्या खुर्चीत बसलात, आणि बहुतेक मंडळी तुमच्या उजवीकडे होती. तेव्हा तुमच्या वाटणीचं निम्मं मीच लिहून पाठवते. तुमचा हक्क आहे त्यावर.

तुम्ही उभे राहून पान वाचायला लागलात, तेव्हा गोरादा शेजारच्याला म्हणाले, "ह्यांना कुणी बोलावलं? आता मोर्समध्ये भाषण होणार." तुम्ही "अकरा वीस, शांत" वाचलंत. मग बटणाचं समजावून सांगितलंत, ज्याचं दाबलेलं त्यालाच शांतता. "अकरा अठ्ठावीस, शांत. अकरा तीस, हजेरी घेतली नाही." आणि म्हणालात, "ही शांतता माझी होती. मृण्मयीने स्वतःवर घेतली. मी त्या दिवशी कानाने अधू होतो आणि ते लपवून टेबलावर बसलो." तेव्हा मी तोंडाला पदर लावून बसले होते.

मग गोरादा म्हणाले, "म्हणजे हे दोघेही खोटारडे. अशा क्लबाच्या हाती पोरं द्यायची?" हे तुम्हाला ऐकू गेलं नाही, कारण तुम्ही तेव्हा कागद घडी करत होता. आणि मागे दारात उभा असलेला अभिराम पुढे आला. मला वाटलं, आता हा तुमच्यावर धावून जाणार. तो गोरादांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"बाबू, मी तिथे होतो. मुलगी माझी होती. राग येतो, आज ऐकून जास्तच आला. रात्री झोप लागणार नाही मला." मग तो टेबलावर वाकला. "पण एक विचारतो. एखाद्या नावेतला तुमचा मोबाइल बंद पडला, तर वर्षभराने कुणी तीनशे किलोमीटर येऊन सांगणार आहे का, की तो माझा होता? मला असं माणूस टेबलावर पाहिजे ज्याला चूक मोजता येते. म्हाताऱ्याला नका बसवू. दीदिमणीला बसवा. नाही तर लाँच दुसऱ्याची बघा."

डॉक्टरबाबूंनी माझा फोनांचा कागद उचलून मोठ्याने वाचला. पाचदा लागला, हे ऐकून हसू फुटलं, ह्या वेळी गोरादांवर. त्यांनीही शेवटी हात वर केला, मात्र घड्याळाकडे बघत.

ठराव तुम्ही निघाल्यावर लिहिला गेला. मुख्य टेबलावर मृण्मयी सरखेल. निशिकांत पाकडाशी यांनी शर्यतीत पुन्हा सेटवरून बोलू नये. समितीच्या माणसाने दोनदा विचारलं, "लिहू ना?" मी म्हटलं, लिहा. तुमच्या विरुद्धच्या ठरावावर मी सही केली. तुम्ही असता तर तुम्हीही माझ्याकडून तीच घेतली असती.

ठराव मी नीट वाचला आहे. बोलायला बंदी आहे. ऐकायला बंदी कुठेही लिहिलेली नाही. चार सप्टेंबरला या. राहायला माझ्याकडे, जेवायला दुधी नसेल.

७३,
मृण्मयी

शिलिगुडी
७ सप्टेंबर

चि. मिनू,

तू माझ्यासाठी धोबीघाटाच्या तिसऱ्या पायरीवर खुर्ची ठेवलीस आणि नुसतं ऐकू येणारा जुना सेट दिलास, बोलायचं बटणच नसलेला. त्याबद्दल त्या दिवशी बोललो नाही. टेबलावर तू होतीस, आणि कामात असलेल्या माणसाला आभार मानून त्रास द्यायचा नसतो. आता लिहितो.

डाव्या कानात यंत्र होतं, बौमाने जबरदस्तीने बसवून आणलेलं. उजव्या बाजूला अभिरामची बायको बसली होती. तिला म्हटलं, "तू नदीकडे बघ, मी रेडिओकडे बघतो." ती म्हणाली, "तुम्ही गेल्या वर्षी पण रेडिओकडेच बघत होतात." तिने माझ्यासाठी चुरमुऱ्यांची मुडी आणली होती, ती मात्र दिली.

साधुखाँ तीनदा माझ्यापाशी आला. पहिल्यांदा मोबाइल वर धरून आला. दुसऱ्यांदा मोबाइल खिशात होता. तिसऱ्यांदा खाली वाकून, माझ्या डाव्या कानाशी विचारलं, "मास्टरमशाय, काय म्हणतायत हो ते?" बहिऱ्याकडे बातमी विचारायला आलेला सभापती मी प्रथमच पाहिला. सांगितलं त्याला. शर्यत त्याच्याही गावाची आहे.

वहीतलं पान उतरवून पाठवतो. तुझ्याकडची नोंद खरी धरायची, ही नुसती ऐकणाऱ्याची.

११.१४. मिनू: सर्वांची हजेरी. सात आवाज, सातही ओळखू आले.
११.१७. बेतबनी नाव: क्रमांक ३१ (टगर) वळणात शिरली.
११.१९. मिनू: ३१ वर नजर ठेवा, दर दोन मिनिटांनी तिचा नंबर बोला. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
११.२१. नाव: एकतीस. हात नीट चालतायत.
११.२२. नीलकुठी: काहीतरी क्रमांक. ऐकू आला नाही. जागा कोरी सोडली.
११.२३. नाव: एकतीस.
११.२५. नाव: एकतीस. पाणी फिरतंय, थांबली आहे.
११.२६. मिनू: लाँच, तयार राहा. (अभिरामने इंजिन सुरू केलं. त्याच्या बायकोने माझा दंड धरला. तो अजून हिरवानिळा आहे.)
११.२७. नाव: एकतीस. डोकं वर आहे. मागे बघतेय.
११.२८. नाव: एकतीस.
११.२९. नाव: एकतीस. निघाली.
११.३०. मिनू: हजेरी. सात.
११.३२. नाव: एकतीस.
११.३४. नाव: एकतीस.
११.३६. नीलकुठी: एकतीस वळणाबाहेर. नीट ऐकलं होतं, तरी शेजारणीला विचारून खात्री केली. ती रडत होती, पण होकाराची मान हलवली.

टगर सहावी आली, आणि काठावर येऊन पहिल्या पाचांना शिव्या देत होती असं कळलं. म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

पान उतरवताना एक मोजलं. गेल्या वर्षी ह्याच बावीस मिनिटांत माझ्या वहीत तीनदा 'शांत' आहे. ह्या वर्षी एकदाही नाही. एक जागा मात्र कोरी आहे, ती कोरीच ठेव, तुझ्या नोंदीवरून भरू नकोस.

तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे ह्या वेळी तुझं बटण, माझं बटण काही न दाबता, समोरासमोर लिहितो. डोक्यात गेलं तर जाऊ दे.

७३,
निशिकांत पाकडाशी